पुलाखाली उभं राहायची रीत

"आमचे गावान रीत हाय," सरपंच गुणाबाई म्हणाल्या. "नवे होडीत पयला बांधणारा बसतो. पुलाखाली पयला सही करणारा उबा ऱ्हातो."

रिपोर्टवर पहिली सही माझी होती. नीलेश, वय चोवीस, ज्युनियर इंजिनिअर.

आपट्याच्या वाटेवरचा हा दगडी पूल दीडशे वर्षांचा. कमानी जपायच्या, वरचा रस्ता भक्कम करायचा आणि त्यावरून डंपर सोडायचे, असं काम होतं. त्याआधी मधल्या खांबाचा दगड तपासायचा होता. ड्रिल मशीन ओढ्यात उतरेना, म्हणून आम्ही शेजारच्या पडक्या चौकीच्या भिंतीला भोक पाडलं. "दगड त्याच खाणीतला," माझे साहेब वरदसर म्हणाले. मला पटलं. तेव्हा मी पुलाच्या वर उभा होतो.

आज खाली होतो. भारचाचणीचा पहिला डंपर, खडीने भरलेला, वर चढत होता. कमानीतून चुना माझ्या डोक्यावर पडला.

गुणाबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "एकला कंटालशील."

त्यांच्यामागून तीसेक माणसं आली. एकाने माझ्यासाठी खुर्चीही आणली.

एकट्याने मरायची माझी तयारी नव्हतीच. पण तीस जणांसोबत तर मुळीच नव्हती.

"बाहेर व्हा," मी म्हणालो. "रिपोर्ट खोटा आहे. तपासलेला दगड पुलाचा नाही, चौकीचा आहे."

"घाबरलाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"कागदावर शिक्का हाय ना?" गुणाबाईंनी विचारलं.

"आहे."

"मंग?"

मी धावत वर गेलो आणि पुलाच्या मध्यावर डंपरपुढे आडवा झालो. ड्रायव्हर अंकुशने ब्रेक मारला, इंजिन बंद केलं आणि तंबाखू काढली.

"नीलेश, ऊठ," वरदसर काठावरून म्हणाले. "चाचणीत तुझं वजन धरलेलं नाही."

मी उठलो नाही. खालची माणसं बाहेर आली. जीव भांड्यात पडला. मग ती सगळी मला बघायला पुलावर चढली.

"उतरा. हात जोडतो."

"आदी तू ऊठ, येड्या," गुणाबाई म्हणाल्या.

माझ्या पाठीखाली काहीतरी करकरलं. बारीकच, पण सगळ्यांनी ऐकलं.

गुणाबाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि त्या चवड्यांवर काठाकडे चालू लागल्या. त्यांच्यामागे सगळं गाव, चपला हातात, श्वास रोखून. वरदसर कधीच दिसेनासे झाले होते.

अंकुशने खिडकीतून हळूच डोकं काढलं. "साहेब, गाडी पुढं घेऊ का मागं?"

मला खरंच माहीत नव्हतं.