कोरडा घसा

तिकीट खिडकीत पाण्याची बाटली भरलेली. झाकणही उघडलेलं नाही.

सुटे द्या. पुढचे या.

लाल. गुलाबी नव्हे, लाल.

"वहिनी, आत झोप लागली की काय?"

हा नणंदेचा आवाज, बाथरूमच्या बाहेरून. आत ती भिंतीला हात टेकून उभी. जन्मभर बसस्थानकाच्या तिकीट खिडकीत बसलेली, आता निवृत्त. छातीतल्या गाठीसाठी कॅन्सरच्या औषधाची तिसरी सलाईन परवाच लागली होती. तिनं पाणी ओतलं. परत ओतलं.

सिस्टरनं बजावलं होतं, "हे औषध लघवीवाटे जातं. मूत्राशयात साचलं की आतलं अस्तर सोलवटतं. भरपूर पाणी प्या. लघवी रोखून धरायची नाही." तिनं मान डोलावली होती. पण तहान मारणं तिच्या अंगवळणी पडलेलं.

दार उघडलं.

"दोनदा पाणी ओतलंत. काय लपवताय?"

"कुठं काय."

"मी या घरात तुमच्या आधीची आहे. मला नका शिकवू."

"रक्त जातंय."

"कधीपासून?"

"काल."

"आणि तोंडाला कुलूप? बक्षीस मिळणार होतं?"

"औषध बंद करतील गं. गाठ आत्ता कुठं लहान व्हायला लागलीय."

नणंदेनं चपला तिच्या पायाशी आणून टाकल्या. "चला. तुम्हाला काही झालं तर मी भांडू कुणाशी?"

दवाखान्यात सिस्टरनं लघवीचा नमुना तपासायला पाठवला, सलाईन लावली. "औषध बंद होणार का?" तिनं तीनतीनदा विचारलं.

"डॉक्टर ठरवतील. अस्तर सांभाळणारं औषध जोडीला देता येतं. पण आत्ता पाणी प्या. आली की लगेच उठायचं."

ती प्यायली. पुन्हा प्यायली. मग तिनं गुडघे घट्ट जुळवले.

"उठा," नणंद म्हणाली.

"डॉक्टर समोरच्या बाईंना तपासतायत. त्यांचं होऊ दे."

"वहिनी!"

ती उठली. सलाईनचा स्टँड खडखडला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मला लघवीला जायचंय," ती म्हणाली. जरा मोठ्यानंच.

डॉक्टर बाजूला सरकले.

बसस्थानकाच्या तिकीटघरात बायकांसाठी संडास बांधला, तो ती निवृत्त झाल्यानंतरच्या वर्षी.