गॅलरीचे टेकू

फोटो पाहिला आणि फिटरचं डोकंच फिरलं.

फोटोत अख्खं घर होतं. स्लॅब टाकायच्या दिवशी, काँक्रीट पडायच्या आधी, ताई, तिचा नवरा, सासू, नणंदा, त्यांची पोरं असे सगळे दाटीवाटीने गॅलरीत उभे. मधोमध दादा, छाती पुढे काढून. आणि सगळ्यांच्या पायाखाली फिटरने बांधलेली सळयांची जाळी, पार चेपून खालच्या फळ्यांना टेकलेली.

"तू नव्हतास ना त्या दिवशी, म्हणून दाखवते," ताई कौतुकाने म्हणाली. "दादाच म्हणाला, या सगळे, तेवढीच आठवण राहील."

दादा हा फिटरचा थोरला भाऊ. तो घरं बांधायची कंत्राटं घेई आणि फिटर त्यांचं लोखंड बांधी. हे घर मात्र दोघांच्या मधल्या बहिणीचं होतं. लग्न झाल्यापासून ताईने मागच्या अंधाऱ्या खोलीत दिवस काढले होते. नवं घर ठरलं तेव्हा तिने फरशीचा रंग विचारला नाही की ओट्याची उंची सांगितली नाही. "मला एक गॅलरी द्या. तिथं उभं राहून केस वाळवायचेत," एवढंच मागणं. मग ती रोज साइटवर येऊन बसायची. जोतं, लिंटेल, छज्जा, सेंटरिंग असे शब्द शिकून घ्यायची आणि घरी जाऊन सासूला शिकवायची. वरची जाळी उचलून धरायला खाली ज्या वाकवलेल्या सळया ठेवतात त्यांना खुर्च्या म्हणतात, हे कळल्यावर तर ती हसून लोटपोट झाली होती. "आणि बसतं कोण रे त्यांच्यावर?"

बसले की सगळे! फिटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गॅलरी भिंतीतून बाहेर लोंबते, तिला ताण वरच्या अंगाला पडतो, म्हणून तिचं लोखंड वर राहिलं पाहिजे. खाली दबलेलं लोखंड असून नसून सारखंच. दुसऱ्या साइटवर जाण्याआधी त्याने दादाला दोनदा बजावलं होतं की गॅलरीची जाळी कुणाला तुडवू देऊ नकोस. परक्याने केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. पण हा तर सख्खा भाऊ, आणि ही कामं करण्यात त्याचे केस पिकलेले.

दादा खालच्या खोलीत गिलाव्यावाल्यांच्या डोक्यावर उभा होता. बाकी स्लॅबखालचे टेकू निघाले होते. गॅलरीखालचे तेवढे उरले होते आणि ते आजच काढायचे होते.

"दादा, फोटो झाल्यावर जाळी उचलून घेतली होतीस?"

"कुठली जाळी?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. गॅलरीची."

"अरे, मिक्सर चालू, माणसं डोक्यावर पाट्या घेऊन उभी. तेव्हा काय काय बघू? एवढ्याने काही होत नाही."

एवढ्याने काही होत नाही! हे वाक्य ज्याने पहिल्यांदा तोंडातून काढलं त्याला फिटरने खुशाल घराच्या पायात गाडला असता.

"गॅलरी तोडायची," तो म्हणाला. "तोडून नवी टाकायची."

"ताईच्या सासरच्यांसमोर माझं नाक कापतोस? त्यांच्या देखत माझ्या कामाला घण लावणार? जा, तुझं काम कर. मजबूत आहे ती."

"मजबूत आहे?"

"आहे म्हणतो ना!"

"मग काढ टेकू."

फिटर ताडताड जिना चढला आणि गॅलरीच्या अगदी बाहेरच्या कडेला जाऊन उभा राहिला. खाली गिलाव्यावाल्यांच्या थाप्या थांबल्या. "मार हातोडा," तो वरून ओरडला. "पाचर उडव. तुझीच गॅलरी आणि तुझाच भाऊ!"

दादाने रागारागाने हातोडा उचलला. बाहेर येऊन गॅलरीखालच्या पहिल्या टेकूच्या बुडाशी उकिडवा बसला, पाचरीवर नेम धरला आणि तसाच राहिला.

"खाली उतर," तो म्हणाला.

"का? एवढ्याने काही होत नाही ना?"

"बारक्या, उतर म्हणतो ना!" दादाचा आवाज चिरकला. त्याने हातोडा जमिनीवर ठेवून दिला. मान काही वर झाली नाही.

ताई पाण्याची नळी हातात धरून दारात उभी होती. गॅलरीला रोज सकाळ-संध्याकाळ पाणी तीच मारायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. नळीतलं पाणी तिच्या पायांवर सांडत होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. फिटरला वाटलं, ती आता रडेल. ती रडली नाही. इतकी चिडलेली त्याने तिला उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "तो वर उभा आहे तर तुझा हात उठेना. उद्या मी उभी राहणार होते तिथं. तेव्हा मला 'उतर' म्हणायला तू येणार होतास का?"



ताईने नळ बंद केला. "बारक्या, उतर खाली," ती म्हणाली, "आणि घण आण."