कापलेली शेपटं

सॅम्प्लर म्हणजे लहान पेटीएवढं मशीन. त्यात कुणाचाही सूर भरा, पट्ट्यांवर मांडा. बोट दाबून धराल तितका वेळ तो वाजत राहतो. स्टुडिओत हे काम करणारीला सगळे चिमटी म्हणायचे. सुराला चिकटलेला कण न् कण ती वेचून काढायची, आणि मशीनमधली जागा वाचवायला सुरामागचं शेपूट उडवायची. मधला तुकडा गोल फिरत राहिला की मागचं हवंय कुणाला? बारा वर्षं हेच केलेलं. हात असा बसला होता, की डोकं घरी ठेवून आली असती तरी चाललं असतं.

तिच्या आईला घशाचा कॅन्सर निघाला. "स्वरयंत्र काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले. आणि आई कोण, तर जन्मभर शाळेत गाणं शिकवलेली बाई! चिमटी रडली, देवावर चिडली, मग स्टुडिओतलं मशीन उचलून घरी घेऊन आली.

"आई, एकेक सुरावर 'आ' लाव. हळू, मध्यम आणि मोठ्यानं. तुझा आवाज मी जाऊ देणार नाही."

"तू समोर बसलीस की मला हसू फुटतं. बटण दाखव आणि हो बाहेर."

चिमटी स्वयंपाकघरात जाऊन बसली. बंद दारातून सूर येत होते, अधूनमधून पुटपुटल्यासारखंही काहीतरी. सूर शोधत असेल, असं ती धरून चालली.

ऑपरेशननंतर आई दवाखान्यात असताना चिमटीनं दुपारच्या फावल्या वेळात काम उरकलं. छत्तीस सूर. प्रत्येकाचा मधला तुकडा फिरता केला. स्क्रीनवर सुरामागे बारीक बारीक उंचवटे दिसत होते. खोकला असणार! सूर आता मधेच फिरत असल्यामुळे ऐकताना ती तिथवर पोचलीच नाही. अगं, एकदा शेवटपर्यंत ऐकलं असतंस तर काय बिघडलं असतं? पण सवयीला कोण विचारणार. छत्तीसही शेपटं उडवली आणि जुन्यावरच नवं सेव्ह केलं.

आई घरी आली. गळ्याला भोक, हातात वही. तिनं पट्टी दाबली. "आऽऽ." तिचाच आवाज, स्वच्छ, खोलीभर. तिचे डोळे भरून आले. तिनं बोट उचललं आणि वाट पाहिली. दुसरी पट्टी दाबली, पुन्हा वाट पाहिली. मग वहीत लिहिलं, "बोललेलं कुठे आहे?"

"काय बोललेलं?"

"प्रत्येक सुरानंतर थोडंथोडं बोलले. तुझ्याशी. तोंडावर जमलं नसतं म्हणून."

 चिमटीनं मशीन धुंडाळलं, सगळ्या डिस्क पालथ्या घातल्या. काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

"आई, मी कापलं गं! मला वाटलं, खोकला आहे." ती आईच्या गुडघ्यांवर कोसळली. "लिहून दे ना. आठवेल तेवढं."

आईनं पेन उचललं. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा खोडल्या. शेवटी वही बाजूला ठेवून तिनं लेकीची हनुवटी धरून वर केली आणि बोलायला लागली. गळ्यातून नुसती हवा येत होती. ओठ भराभर हलत होते, चिमटीला एक शब्द कळत नव्हता. आई थांबेना. ती सगळं पहिल्यापासून सांगत होती.