सर्जेरावांची अर्धशिशी

पैज लागली ती दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, सकाळी अकराला. आणि लावली कुणी, तर अख्तरबानूने. जिने जन्मात कधी पत्त्याला हात लावला नव्हता तिने!

झालं असं. सर्जेराव दुधी घेऊन जिना चढत होता. मार्केट यार्डातल्या फुलबाजारातला हा नामांकित आडत्या. बाजारात त्याचे दोन लौकिक होते, एक झेंडूसाठी आणि दुसरा लोकांच्या खोड्या काढण्यासाठी. तीन महिन्यांपूर्वी त्याच्या हृदयात नवी झडप बसवली होती. ती टिकटिक वाजायची. तर पठ्ठ्याने वॉचमन दत्तोबाला सांगून टाकलं, "मनगटी घड्याळ गिळलं, डॉक्टर म्हणाले राहू द्या." दत्तोबाने आठवडाभर विचार करून एकच प्रश्न विचारला, "साहेब, चावी कुठनं देता?"

तर असा हा सर्जेराव त्या दिवशी मधल्या पायरीवर मटकन बसला. शेजारीण अख्तरबानू वरून उतरत होती.

"भाभी," तो तिच्याकडे बघत म्हणाला, "तुमचं अर्धं तोंड कुठं गेलं?"

दुसरी कुणी असती तर चप्पल काढली असती. अख्तरबानू मात्र शेजारच्या पायरीवर बसली. "डाव्या बाजूला चमकतंय? करवतीच्या दातांसारखं?"

सर्जेरावाने डोळे चोळले. चमकत होतं. आधी एक ठिपका आला, मग त्याची नागमोडी रेघ झाली, जरीचा काठ कुणी उन्हात हलवावा तशी. रेघ हळूहळू कडेला सरकत होती, आणि तिच्या आतलं सगळं गायब. वीस मिनिटांत ती जायची आणि मग एका बाजूचं डोकं ठणकायचं. तीन आठवड्यांत ही पाचवी वेळ होती.

"शकूला सांगितलंत? बायको आहे ती तुमची."

"भाभी, तुमच्या पाया पडतो, तिच्या कानावर घालू नका. झडप बिघडलीय, दुसरं काय! ती मला उचलून नेईल आणि ते परत छाती उघडतील." एकदा करवतीखाली गेलेला माणूस दुसऱ्यांदा जायला राजी नव्हता, मेला तरी बेहत्तर.

"झडप नाही. ही अर्धशिशी आहे. वीस वर्षं मी भोगतेय, डोक्याला ओढणी आवळून."

"अर्धशिशी?" सर्जेरावाला एवढ्यातही हसू फुटलं. "अहो, तो बायकांचा आजार! सासूचा फोन आला की होतो तो."

"लावता पैज?"

बस्स. चोराला उघडी खिडकी दाखवावी तसं झालं. पैज म्हटल्यावर सर्जेराव मरायचंसुद्धा पुढे ढकलेल.

"अर्धशिशी निघाली," तो म्हणाला, "तर तुमच्यासारखी डोक्याला ओढणी आवळतो आणि भर बाजारात गजरेवाल्यांच्या रांगेत बसून गजरा ओवतो. नाही निघाली तर?"

"तर शकूला चुकवून एक वाटी खिमा."

"दोन."

"दीड. आणि निकाल डॉक्टर देणार. उद्या दहाला तयार राहा. नाहीतर आत्ता वर जाते आणि शकूला सांगते."

इथे त्याच्या लक्षात आलं की आपल्याला कुणीतरी गोत्यात आणलंय. पण तोवर दीड वाटीवर मान हलवून झाली होती.

दुसऱ्या दिवशी शकूला "रक्ताची तपासणी" सांगून दोघं निघाले. डॉक्टर सुनीती वयाने लहान, पण नजर मास्तरणीची. तिने त्याला एकेक डोळा झाकायला लावला, हातपाय ढकलायला लावले आणि दिसतं ते कागदावर काढायला सांगितलं. सर्जेरावाने काढलं, ते अर्धवट सुटलेल्या तोरणासारखं दिसत होतं. मग तिने झडपेची सोनोग्राफी सांगितली, डोक्याचा स्कॅन सांगितला.

रिपोर्टची वाट बघत दोघं बाकावर बसले. टिकटिक अशी ऐकू येत होती की समोरच्या बाईने दोनदा भिंतीवर घड्याळ शोधलं. एरवी सर्जेरावाने तिला सोडलं नसतं. आज तो नुसता हातातली फाइल चुरगळत होता.

"भाभी, खिम्यात मटार घालता?" त्याने विचारलं.

"गप बसा," अख्तरबानू म्हणाली आणि त्याच्या हातातली चुरगळलेली फाइल काढून मांडीवर सरळ करत बसली.

अखेर आत बोलावलं.

"झडप उत्तम," डॉक्टर म्हणाली. "डोक्याच्या स्कॅनमध्येही काही नाही. हृदयाच्या ऑपरेशननंतर काही जणांना असं दिसायला लागतं. बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं. पण हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर घरी बसून पैजा लावायच्या नाहीत. तडक इकडे यायचं. आणि हे घरी सांगायचं."

सर्जेरावाने मोठा श्वास घेतला. तीन आठवड्यांत घेतला नव्हता एवढा. आणि श्वास परत येताच खोडीही परत आली.

"डॉक्टर, याला नाव काय म्हणायचं? जरा भारदस्त सांगा."

"मायग्रेन."

"ऐकलंत भाभी? मायग्रेन! अर्धशिशी नाही. दीड वाटी."

डॉक्टरने चष्म्यावरून बघितलं. "माझी आजी त्याला अर्धशिशीच म्हणायची. पुरुषांनाही होते. ते फक्त सांगत नाहीत."

रविवारी सकाळी फुलबाजार ऐन भरात असताना सर्जेराव आला. डोक्याला अख्तरबानूची पोपटी ओढणी करकचून आवळलेली. फुलांच्या गोण्या उतरवणारे हमाल जागच्या जागी थबकले. चकचकीत रेघेपासून पैजेपर्यंतची हकीकत त्याने आल्या आल्याच रंगवून सांगितली. गजरेवाल्यांच्या रांगेत आनंदीबाई सगळ्यांत जुन्या. त्यांनी सरकून जागा दिली. "या सवत! किती हात लांब ओवणार?"

"एक हात."

"एवढीशी पैज हरलात होय?"

हसण्याचा गडगडाट झाला. तेवढ्यात गर्दीतून शकू पुढे आली. अख्तरबानूने तिला रिक्षात सगळं सांगितलं होतं.

"तीन आठवडे!" शकू कमरेवर हात ठेवून म्हणाली. "शेजारणीला माहीत आणि मला नाही?"

"घाबरलो होतो गं," सर्जेराव म्हणाला. चारचौघांत हे तीन शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारले. त्यापुढे ओढणी काहीच नव्हती.

शकूने डोळ्याला पदर लावला, मग त्याच्या हातातला दोरा ओढून घेतला. "ही गाठ आहे? सोडा सगळं. पहिल्यापासून ओवा."

ओवलेला वीतभर मोगरा मांडीवर सांडला. बायका खिदळल्या. तेवढ्यात कानाशी कुणीतरी खाकरलं. भैरू हमाल. पन्नाशीचा गडी, दोन गोण्या एका खेपेत नेणारा, झुपकेदार मिशीचा.

"मालक," तो कुजबुजला, "ती चकचकीत रेघ... मलाबी दिसती. चार वर्षं झाली. बाहेरची बाधा हाय म्हणून दोन कोंबडी दिली."

सर्जेरावाने त्याच्याकडे बघितलं, मग गर्दीकडे बघितलं. हे सगळ्यांना ओरडून सांगावं असा मोह त्याला अनावर झाला होता. पण मोह गिळून तो हळूच म्हणाला, "उद्या दहाला माझ्यासंगं डॉक्टरकडं चल. आणि आत्ता खाली बस."

"मी कशाला? मी कुठं पैज हरलोय?"

"चार वर्षं हरतोयस की लेका. बस."

भैरू इकडेतिकडे बघत बसला. खांद्यावरचं फडकं त्याने स्वतःच डोक्याला बांधलं. आनंदीबाईंनी मोगऱ्याची टोपली दोघांच्या मध्ये सरकवली आणि म्हणाल्या, "दोघं झालात. आता दोन हात."