निळ्या भाताची चेटकीण

छत्तीस सालच्या माघात पासलीच्या देवळापुढं अख्खं गाव पत्रावळी मांडून बसलं होतं. पत्रावळींवर घरोघरचा भात आणि समोर जटाधारी महाराज.

"ज्या घरचा भात निळा, त्या घरात चेटकीण!" महाराज गरजले. "तिनंच चिमाजीच्या सुनेचा गळा सुजवलाय!"

सून चंद्राबाई गळ्याची गाठ पदराआड लपवून बसली होती. महाराज तीर्थ शिंपडत निघाले. सगळ्यांचा भात पांढराच. साळूबाईच्या पानावर दोन थेंब पडले आणि भात शाईसारखा निळा!

"हिला गावाबाहेर काढा!" चिमाजी ओरडला.

साळूबाई म्हणजे साठी उलटलेली एकटी बाई, जाणार कुठं? परवा महाराजांना कोंबडा नाकारला, त्याचाच हा प्रसाद. पण एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नव्हती. इतरांना तीर्थ तांब्यातलं, तिला मात्र कनवटीच्या कुपीतलं!

"म्हाराज, लई गुणाचं तीर्थ. वाईच बघू," म्हणत तिनं कुपी हिसकावली आणि महाराजांच्याच नैवेद्यावर शिंपडली.

भात निळा!

"आगं बया, म्हाराजच चेटकीण!" बनाबाई किंचाळली, आणि असा हशा पिकला की देवळातली कबुतरं उडाली.

भोरहून देवी टोचायला आलेल्या आनंदराव डॉक्टरांनी कुपी हुंगली. "हे तर टिंक्चर आयोडीन! कुठल्याही भातावर टाका, निळाच होणार." त्यांनी चिमाजीच्या भातावर थेंब टाकला. निळा! बनाबाईच्या भातावर टाकला. निळा!

"समदं गावच चेटकं की वो!" साळूबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"पर माज्या गाठीचं काय?" चंद्राबाईनं हळूच विचारलं.

"पोरी, प्रत्येकाच्या गळ्यात एक ग्रंथी असते. तिचा रस रक्तात मिसळतो, अंगाला ऊब नि बळ देतो. तो करायला तिला आयोडीन लागतं. डोंगरातल्या मातीपाण्यात ते कमी. मग ती बिचारी जास्त राबते आणि राबून फुगते," डॉक्टर म्हणाले.

"म्हंजी दवा ह्या म्हाराजाच्या कनवटीलाच व्हती?" साळूबाईनं विचारलं.

"होय. पण ही कुपी तोंडाला लावायची नाही, ते विष आहे. भोरच्या दवाखान्यात मापानं औषध मिळेल."

तोवर महाराज खडावा टाकून पसार झाले होते. चिमाजीची मान खाली गेली. "आत्या, चुकलं माजं."

"चुकलं तर चुकलं. उद्या सुनेला भोरला ने. म्या बी येती."

वर्षभरात चंद्राबाईची गाठ बरीच ओसरली. गळ्यातलं डोरलं लोकांना दिसावं म्हणून ती पदर मुद्दाम मागं सारू लागली.

तर बाबांनो, भात निळा झाला तर चेटकीण शोधत फिरू नका. आधी बघा, कुपी कुणाच्या कनवटीला आहे!