पाण्यावरची समई

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो. पण मला तेल लागत नाही आणि माझा चटकाही बसत नाही. 'सागरदीप' नावाच्या मुंबईच्या चित्रसंस्थेचे मी बोधचिन्ह. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर काळोखा समुद्र दिसे, लाटांतून समई वर येई, तिच्या पाच ज्योती एकेक करून पेटत आणि मग संस्थेचे नाव उमटे. ती समई म्हणजे मी. चित्रकारांनी शेकडो चित्रे काढली, तेव्हा कुठे माझी ज्योत हलली. शेवटची ज्योत पेटताना एक व्हायोलिन उंच सुरावर चढे. तो माझा आवाज. वाजवणाऱ्याचे नाव मात्र पडद्यावर कुठेच नव्हते.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली पत्र्याच्या डब्यात बसून मी आगबोटीने मालवणला उतरलो. तिथे वाळूवर भाई नावाच्या गृहस्थांचा सिनेमाचा तंबू होता. मी पडद्यावर उगवलो आणि थक्कच झालो! सगळा तंबू उठून उभा राहिला. खलाशांनी टोप्या काढल्या, बायांनी हात जोडले. भाई नारळ घेऊन पुढे आले आणि खेळ सुखरूप पार पडावा म्हणून त्यांनी खणखणीत आवाजात देवाला गाऱ्हाणे घातले. दर वाक्याला सगळे ओरडत, "व्हय म्हाराजा!" त्या गजरात माझे व्हायोलिन कोणालाच ऐकू आले नाही. मी देव झालो खरा, पण मुका देव.

त्या गर्दीत इनासिया नावाची म्हातारी होती. माझे व्हायोलिन वाजवणारा सांतान हा तिचा मुलगा. गावच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, वाजवायला शिकून तो मुंबईला गेला होता. नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यात तो तिकडेच तापाने वारला. आईला त्याचे शेवटचे दर्शनही मिळाले नाही. त्याचा सोबती बाबुश गावी आला, तेव्हा त्याने तिला सांगितले की, दिव्याच्या चित्रामागे वाजते ते सांतानचेच. म्हणून ती रोज येई, कान टवकारून बसे आणि गजर ऐकून परत जाई. मला फार वाईट वाटे, पण पडद्यावरचा दिवा बोलणार कसा?

शेवटी तिने भाईंना सगळे सांगितले. भाई पेचात पडले. वाऱ्याच्या तोंडावर उभा तंबू, गाऱ्हाण्याशिवाय खेळ लावायची त्यांची छाती होईना. दुसऱ्या दिवशी मात्र मी दिसायच्या आधीच ते नारळ घेऊन उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या इनासमायचो झील आमच्यात वाजवूक येता. त्याचो सूर तिच्या कानार पडांदे. तवसर कोणाच्या तोंडातसून शब्द फुटाक नको, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," लोक हळूच म्हणाले.

मग मी उगवलो. मित्रांनो, एवढी माणसे आणि एवढी शांतता मी पुन्हा कधी अनुभवली नाही. तान्ही पोरेसुद्धा गप्प होती. बाहेर समुद्राची गाज आणि आत सांतान. पाचवी ज्योत पेटली, सूर वर चढला आणि माझे मलाच कळले की मी किती सुंदर आहे.

"तो माजो सांतान," इनासिया म्हणाली. "वर चढताना असोच वायच थांबता."

सिनेमा सुरू झाला तशी ती उठली. भाईंनी विचारले, पिक्चर बघूचा नाय? ती म्हणाली, "माजो बघून झालो."

पुढे तंबू उठेपर्यंत ती रोज येत राहिली आणि भाईंनी तिला दारात तिकिटासाठी कधी अडवले नाही.

नंतर माझे दिवस फिरले. फिल्मच्या पट्टीचे पहिले टोक सर्वांत आधी फाटते, आणि ते टोक म्हणजे मीच. फाटले की कापायचे आणि उरलेले चिकटवायचे, असे करता करता माझ्या तीन ज्योती गेल्या. संस्था बंद पडली. आता मी गंजक्या डब्यात, दमट खोलीत पडून आहे. ज्योती गेल्याचे मला फारसे दुःख नाही. कोणी चांगला चित्रकार भेटला तर दिवा पुन्हा काढील. पण तो सूर सांतानने एकदाच वाजवला होता.

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो, असा जुना डबा कुठे सापडला तर भंगारात देऊ नका. कोरड्या, थंड जागी जपून ठेवा. आत कुणाचा तरी मुलगा असतो.