सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट

हे सगळं शंभर टक्के खरं आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ, मोतीबिंदू काढलेल्या. एक शब्द खोटा निघाला तर चार लोकांत माझी कवळी पडो.

माझी नात चार वर्षांची. आजोबा शिंपी, म्हणून घरात तिचं नाव बटण. जन्मापासून तिचे पाय कडक. पट्ट्यांचे बूट घालून वॉकर ढकलत चालते. डोकं मात्र असं पळतं की दम मला लागतो.

समोरच्या बालवाडीची घसरगुंडी आमच्या खिडकीतून दिसते. बटण तासन्‌तास तिकडे बघत बसायची. तिथल्या बाई म्हणाल्या, "वॉकर, पायऱ्या, सगळं आम्ही बघू. फक्त शी-शू सांगून, खुर्चीवर बसून करता आली पाहिजे. डायपर बदलायला आमच्याकडे माणूस नाही. सुट्टी संपेपर्यंत शिकवा."

झालं, घर कामाला लागलं. साध्या भांड्यावर ती कलंडायची. शेजारच्या सुतारभाऊंनी भोक पाडलेली खुर्ची करून दिली: पाठीला आधार, पाय टेकायला फळी, पुढे धरायला दांडी. आमच्या ह्यांनी चड्ड्यांना दोन्ही बाजूंनी चिकटपट्ट्या शिवल्या. बूट काढायला नकोत, बटण स्वतःच पट्टी फर्रकन ओढायची आणि ऐटीत बसायची. बसायची, आणि काही नाही. उचललं की माझ्या मांडीवर अभिषेक.

मग मी सूत्रं हातात घेतली. म्हटलं, मूल रमलं की होईल. "माझ्या माहेरी एक मांजर होतं, इतकं जाड, की त्याच्यावर बसून मी शाळेत जायचे."

"खोटं," बटण म्हणायची.

"शपथ. वळताना शेपूट धरून वळवायचे."

ती खिदळायची. खाली भांडं कोरडं ठणठणीत.

एकदा ऐकू आलं, टप. एकच थेंब. माझा मुलगा अर्ध्या गालाला साबण लावलेला धावत आला आणि टाळ्या पिटायला लागला. सुनेने बादली बडवली. मी अशी शिट्टी मारली की सुतारभाऊंच्या हातातला हातोडा पडला. बटण दचकली, पाय इस्त्रीच्या फळीसारखे ताठ झाले, आणि नळ बंद.

"मला नाही येत," ती म्हणाली. तोंड एवढंसं झालं. "मी नाही जाणार शाळेत." आणि खिडकीकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी बटणाच्या पायांना व्यायाम द्यायला येतात त्या बाई आल्या. त्यांनी थोडा वेळ आमचा तमाशा बघितला. म्हणाल्या, "आजी, ही हसली की ताठ होते, दचकली की ताठ होते. पाय ताठ, पोट ताठ, आणि तुम्ही म्हणताय सोड. कशी सोडेल? हिला जरा कंटाळा येऊ द्या."

"माझ्या गोष्टीने आजवर कुणाला कंटाळा आलेला नाही," मी म्हटलं.

"तेच तर," सून हळूच म्हणाली. "आई, बाबांना बसवूया का?"

आमचे हे! लग्नात नाव घ्यायला सांगितलं तर 'नंतर बघू' म्हणाले होते. पण आले, स्टुलावर बसले.

"गोष्ट सांगा, आजोबा."

"गोष्ट नाही येत मला. काज कसं करतात ते सांगतो."

"बरं."

"आधी माप घ्यायचं. मग खडूने रेघ काढायची. रेघ सरळ हवी."

"वाकडी झाली तर?"

"पुसायची. परत काढायची. मग छोट्या कात्रीने कापायचं. मग दोऱ्याला मेण लावायचं. मग एक टाका. त्याच्या शेजारी दुसरा."

"त्याच्या शेजारी तिसरा," बटण जांभई देत म्हणाली.

मी दारात तोंडावर पदर दाबून उभी होते, हूं की चूं नाही. तिचे खांदे खाली आले. गुडघे सैलावले. टाचा फळीवर टेकल्या. आणि मग आवाज आला. थेंब नाही, चांगली धार.

"मग चौथा," हे म्हणाले. आवाजात काडीचा फरक नाही.

टाळी कुणी वाजवली नाही. मुलगा नुसते हात हवेत हलवत होता. सून एका पायावर नाचत होती, पैंजण काढलेल्या नर्तकीसारखी. बटणाने वर बघितलं आणि बारीक आवाजात दम दिला, "गप्प बसा. अजून येतंय."

सुट्टी संपली, आणि बटण बालवाडीत गेली. पहिल्याच दिवशी तिने बाईंना सांगितलं, पट्टी ओढली, आमची खुर्ची तिथे नेली होती तिच्यावर बसली. दाराबाहेर झाडणाऱ्या मावशींना आतून ऐकू आलं, "मग खडूने रेघ काढायची. रेघ सरळ हवी." मावशींना उभ्या उभ्या डुलकी लागली म्हणे. आणि बाहेर येऊन बटण थेट घसरगुंडीवर. बाईंनी वर बसवलं, खाली मी धरलं.

आता एक सांगून टाकते. मी दारात गप्प उभी होते, ते तेवढं पदरचं आहे. सुनेने मला गॅलरीत काढून आतून कडी लावली होती. ती धार मी फटीला कान लावून ऐकली, आणि नाच सुनेने मला नंतर करून दाखवला, दोनदा.